भोक मोठं करायचंय: ड्रिल चालेल की बोरिंगच हवं?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, जॉबवर्क करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये ही मागणी ठरलेली: "आ होल जरा मोटो करी आपो", म्हणजे हे भोक जरा मोठं करून द्या. पार्टी कधी पाइपचा फ्लँज ठेवून जाते, कधी मोटरचं एन्ड कव्हर. दोन्हींत भोक आधीचंच आहे आणि दोन्हींत ते चार-पाच मिमीने वाढवायचं आहे. फ्लँजचं काम रेडियल ड्रिलवर चहा येईपर्यंत उरकतं. एन्ड कव्हरला तोच हिशोब लावला तर कव्हर भंगारात जातं, कारण तिथे बेअरिंग बसणार असतं.

तरसालीच्या आयटीआयमधून नुकताच आलेला मुलगा असो किंवा कलाभवनात शिकलेला इंजिनिअर, पहिला प्रश्न सहसा मापाचा निघतो: किती होतं, किती करायचं? त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जुनं भोक योग्य जागी आहे का, आणि सरळ आहे का? ड्रिल जुन्या भोकाच्या मागे जातं. बोरिंग म्हणजे बारवर लावलेल्या एका धारेच्या टूलने भोक आतून कापत मोठं करणं, आणि ते टूल मशीनच्या स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागे जातं. जुन्या भोकावर विश्वास ठेवता येत असेल आणि माप ढोबळ चालत असेल तर ड्रिल घ्या. भोक सरकलेलं, तिरकं, झिजून लंबगोल झालेलं असेल किंवा माप मिमीच्या शतांशात हवं असेल, तर बोरिंगला पर्याय नाही. रीमर, म्हणजे तयार भोकाला शेवटचा हात देणारं हत्यार, या वादात पडत नाही. तो फक्त माप आणि फिनिश देतो, जागा सुधारत नाही.

जुन्या भोकात ड्रिल का बिथरतं

भरीव धातूत ड्रिल टेकतं तेव्हा त्याच्या टोकाची आडवी धार, म्हणजे चिझल एज, मधोमध रुतते आणि ड्रिलला जागेवर धरते. ही धार कापते कमी, दाबते जास्त. खाली दाबायला लागणाऱ्या जोरातला मोठा वाटा तिच्याच वाट्याला जातो. जुन्या भोकात ती हवेत लोंबकळते. मग ड्रिलला मध्य दाखवणारं काहीच उरत नाही. दोन धारांचे बाहेरचे तुकडे जुन्या भोकाच्या काठावर टेकतात आणि काठ जिथे नेईल तिथे ड्रिल जातं.

दुसरी भानगड रेकची, म्हणजे धारेच्या पुढच्या बाजूच्या कलाची. ट्विस्ट ड्रिलच्या धारेचा रेक अँगल मध्याशी निगेटिव्ह असतो आणि बाहेरच्या कोपऱ्याशी हेलिक्सइतका (ड्रिलच्या पिळाच्या कोनाइतका), म्हणजे साधारण ३० अंश, होतो. भोक वाढवताना नेमका हा बाहेरचा, जास्त रेकचा भागच कापत असतो. खालून विरोध करणारी चिझल एज कामात नसते, त्यामुळे ड्रिल स्क्रूसारखं स्वतःला आत ओढून घेतं. क्विलच्या (स्पिंडल वरखाली नेणाऱ्या नळीच्या) रॅकमधली सगळी ढिलाई एका झटक्यात भरून निघते, कोपरे चावतात आणि मग जॉब फिरतो, टँग (शँकच्या टोकाची चपटी जीभ) पिळवटते किंवा ड्रिल तुटतं. पितळ आणि गनमेटलमध्ये हे सगळ्यात जोरात होतं. त्यावर उपाय सोपा आहे: दोन्ही धारांच्या पुढच्या बाजूला ऑइलस्टोनने अर्धा मिमी रुंदीची, ड्रिलच्या अक्षाला समांतर अशी सपाट पट्टी घासायची. रेक शून्यावर येतो आणि ओढणं थांबतं. असं ड्रिल वेगळं ठेवा, त्यावर खूण करा. ते लोखंडात वापरलं तर नीट कापणार नाही.

तिसरी गोष्ट मोजताना फसवते. मध्य नसलेलं दोन धारांचं ड्रिल थरथरत उतरलं की भोक गोल न येता तीन पाकळ्यांचं येतं, तोंडाशी पसरट आणि खाली निमुळतं. तीन पाकळ्यांच्या भोकात व्हर्नियर कुठूनही लावा, माप जवळपास एकच येतं, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूचा खोलगट भाग असतो. व्हर्नियर २२.१ दाखवतो आणि २२ ची पिन आत जात नाही. मग व्हर्नियरवर संशय घेतला जातो. व्हर्नियर बरोबर असतो, भोकच गोल नसतं.

म्हणूनच ड्रिलने अर्धा मिमी "साफ" करायला जाणं हा सगळ्यात वाईट बेत. बाजूला पाव मिमी धातू उरला की फक्त कोपरे कापतात. ते निळे पडतात, मार्जिन (ड्रिलच्या कडेची अरुंद पट्टी) घासून जातं आणि ड्रिल पुन्हा पाजायला न्यावं लागतं. ड्रिलला वाढवायला द्यायचं तर दर बाजूला निदान दीड-दोन मिमी चावा मिळू द्या. पायलट होलशी याची गल्लत नको. भरीव धातूत २५ चं ड्रिल घालण्याआधी त्याच्या वेबइतकं (मधल्या गाभ्याच्या जाडीइतकं), म्हणजे तीन-साडेतीन मिमीचं, भोक पाडणं चांगलंच असतं. तिथे धारेचा बहुतेक भाग धातूत असतो. अडचण येते ती जुनं भोक नव्या ड्रिलच्या अर्ध्याहून मोठं असताना.

ड्रिल योग्य असेल तेव्हा: फ्लँज १८ वरून २२

कोयली आणि आजूबाजूच्या केमिकल प्लांटमधून असे फ्लँज नेहमी येतात. १६ च्या बोल्टऐवजी २० चा बोल्ट टाकायचा असतो. बोल्टला दोन मिमीची मोकळीक आहेच, त्यामुळे भोक दोन-तीन दशांशाने इकडे-तिकडे झालं तरी बोल्ट बसतो. इथे एकेक भोक बोअर करत बसणं म्हणजे पार्टीचे पैसे आणि आपला वेळ दोन्ही वाया.

आधी सेंटर. १८ चं सरळ शँकचं जुनं ड्रिल किंवा १८ ची पिन स्पिंडलमध्ये लावून भोकात उतरवा. ती न अडकता वरखाली झाली की आर्म आणि हेड लॉक करा, फ्लँज क्लँपने आवळा आणि क्लँपवर भिस्त न ठेवता बाजूला स्टॉपरही लावा. ड्रिलने झडप घातली तर तोच हात वाचवतो. मग लॉक न सोडता पिन काढून २२ चं ड्रिल लावा. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आहेत का, हे आधी गेजने बघा. भरीव धातूत असमान धार थोडी खपून जाते, वाढवताना एकच धार कापते आणि भोक मोठं येतं.

सुरू करण्याआधी जुन्या भोकाचं तोंड काउंटरसिंकने २२ पर्यंत उघडा. ड्रिलचा पॉइंट ११८ अंशाचा असेल तर १२० चा काउंटरसिंक उत्तम. अशाने धारांना पहिल्या फेरीपासून पूर्ण गोल बैठक मिळते आणि तोंड पसरत नाही. तरीही किरकिर झालीच, तर सुती कापडाचा चार घड्या घातलेला लहान तुकडा मशीन बंद असताना भोकाच्या तोंडावर ठेवा, ड्रिल त्यावर टेकवा आणि मगच स्पिंडल चालू करा. पहिले दोन-तीन मिमी कापड थरथर शोषून घेतं. फिरत्या ड्रिलजवळ कापड हातात धरायचं नाही आणि हातात मोजेही नकोत.

माइल्ड स्टीलमध्ये एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला मिनिटाला २५ मीटर धरले तर २२ मिमीला सुमारे ३६० आरपीएम येतात. भोक वाढवताना दोन-तृतीयांश ठेवा, म्हणजे २४० च्या आसपास. फीड मात्र कमी करू नका. एका फेरीला ०.२ ते ०.२५ मिमी, आणि तोही ऑटो फीडवर. हाताने हळूहळू दाबत गेलं की ड्रिल कधी घासतं, कधी झपकन ओढलं जातं. ऑटो फीड त्याला एका चालीत ठेवतो. भोक पलीकडे फुटताना ओढ पुन्हा वाढते. तिथे क्विल सोडून देऊ नका, हात हँडलवर राहू द्या.

स्टेनलेस ३०४ चा फ्लँज असेल तर १५० आरपीएमच्या आसपास, कोबाल्ट ड्रिल, भरपूर कटिंग ऑइल. थांबून बघायचं नाही. ड्रिल एका जागी दोन सेकंद घासलं तरी खालचा थर कडक होतो आणि पुढच्या वेळी धार त्यावरून घसरते. चिप मोडायला उचललंत तर परत उतरताना लगेच पूर्ण फीड द्या.

पातळ पत्र्यात, तीन मिमीच्या आत, ट्विस्ट ड्रिलने भोक वाढवू नका. तिथे स्टेप ड्रिल.

कास्टिंगमधल्या कोअर होलसाठी (ओततानाच वाळूच्या कोअरने ठेवलेल्या भोकासाठी) तीन किंवा चार धारांचं कोअर ड्रिल येतं. त्याला टोकच नसतं, वेब जाड असतो आणि तीन-चार जागी भिंतीला टेकत असल्यामुळे ते ट्विस्ट ड्रिलपेक्षा कितीतरी शांत चालतं. पहिल्या फेरीतच वाळूच्या कडक कातडीखाली जाईल इतका काट (एका फेरीत कापायचा थर) घ्या, दर बाजूला निदान दीड-दोन मिमी. वरवर खरवडलं तर धार वाळूवरच संपते. गॅस कटिंगने पाडलेल्या भोकालाही हाच नियम लावा. आणि कोअर ड्रिल कितीही शांत चालो, कोअर सरकलेला असेल तर तेही सरकलेल्या भोकामागेच जाणार.

बोरिंग: ४७ ची हाउसिंग ५२ करायची

आता एन्ड कव्हर घेऊ. ६२०४ बेअरिंगऐवजी ६२०५ बसवायचं आहे. पहिल्याचा बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४. दुसऱ्याचा ५२ आणि १५. फिट एच ७ (भोकाची ठरलेली टॉलरन्स) धरला तर भोक ५२.००० ते ५२.०३० मध्ये यायला हवं. कव्हर कास्ट आयर्नचं आहे.

मशीनला हात लावण्याआधी बॉसचा (बेअरिंगभोवतीच्या उंच गोल भागाचा) बाहेरचा व्यास मोजा, ५२ झाल्यावर भिंत किती उरते ते बघा. बॉसवर बेअरिंग कव्हरचे टॅप (आटे पाडलेली भोकं) असतील तर नवं भोक त्यांच्यात तर शिरत नाही ना, तेही बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतर सुधारता येत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: डायल (डायल इंडिकेटर) कशावर फिरवायचा? सवयीने डायलचं टोक जुन्या बोअरमध्ये जातं. बेअरिंग फिरून झिजलेली हाउसिंग एका बाजूला खाल्लेली असते, आणि त्या झिजलेल्या भिंतीवर सेंटर काढला तर नवं भोक त्याच चुकीच्या जागी सुंदर गोल तयार होईल. एन्ड कव्हरचा खरा आधार म्हणजे मोटरच्या बॉडीत बसणारा स्पिगॉट. चार जॉच्या चकमध्ये किंवा फेसप्लेटवर कव्हर धरा, स्पिगॉटवर डायल ०.०२ च्या आत आणा, स्पिगॉटच्या तोंडावरही तितकंच. हे जमल्यावर जुन्या बोअरमध्ये डायल फिरवून बघा. तिथे येणारा फरक म्हणजे जुनं भोक किती सरकलं होतं, त्याचा पुरावा. तो सुधारण्यासाठीच आपण बोरिंग करतोय.

बार शक्य तितका जाड आणि शक्य तितका आखूड. बोरच्या ७० टक्क्यांपर्यंत जाडीचा बार घालता येतो, बाकी जागा चिपला लागते. ४७ च्या भोकात २५ किंवा ३२ चा बार आरामात बसतो आणि पंधरा मिमी खोलीसाठी ४० मिमी बाहेर काढला की पुरे. आकडे डोक्यात असू द्या. बार बाहेर काढायची लांबी दुप्पट केली की तो आठपट वाकतो. त्याच लांबीला १२ ऐवजी १६ चा बार लावला की वाकणं एक-तृतीयांशावर येतं. स्टीलचा बार जाडीच्या चौपट बाहेर काढेपर्यंत ठीक, कार्बाइड शँकचा सहापट. त्यापुढे डॅम्पर असलेला बार लागतो. टूलपोस्टमध्ये उगाच वीस मिमी जास्त बाहेर ठेवलेला बार हे बोरिंगच्या किरकिरीचं पहिलं कारण असतं.

टूलचं टोक सेंटरच्या किंचित वर ठेवा, या मापाला ०.१ ते ०.२ मिमी. कापताना बार खाली दबतो. टोक वर असेल तर दबल्यावर ते सेंटरला येतं आणि काट किंचित हलका होतो. टोक आधीच खाली असेल तर दबल्यावर ते भिंतीत आणखी घुसतं, खालची क्लिअरन्स कमी होते आणि टूलची टाच भिंतीवर घासते. चमकदार रेघा दिसल्या पण चिप येत नसेल, तर टाच घासते आहे असं समजा.

इन्सर्ट, म्हणजे बारवर बसणारा बदलता कार्बाइडचा तुकडा, सीसीएमटी प्रकारचा, नोज (टोकाची गोलाई) ०.४. लांब बारीक बारला ०.२ घ्या. टूलची धार भिंतीशी जवळपास काटकोनात असावी, म्हणजे जोर बारच्या लांबीत जातो, त्याला बाजूला ढकलत नाही. कास्ट आयर्नला कार्बाइडने मिनिटाला ८० मीटर धरले तर ५२ ला सुमारे ४९० आरपीएम. जुन्या लेथवर ४०० ठेवलेत तरी काही बिघडत नाही. एचएसएस टूल असेल तर ११०-१२०. रफिंगला फीड ०.१५ ते ०.२, फिनिशला ०.०८ ते ०.१. कास्ट आयर्न कोरडंच कापा, पण काळी भुकटी बेडवर जाऊ देऊ नका, आधी कागद अंथरा.

आता काट. ४७ वरून ४९, मग ५०.८ पर्यंत रफ. झिजलेल्या बाजूला पहिला काट कमी लागेल, समोरच्या बाजूला जास्त, आणि आवाज एका फेरीत दोन सुरांत येईल. दुसऱ्या काटात तो एकसारखा व्हायला हवा. त्यानंतर दहा मिनिटं थांबा. वडोदऱ्यात मे महिन्यात शेडमध्ये ४० च्या वर तापमान असतंच, पण जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही तितकेच तापलेले असतील तर त्याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो नुकत्याच रफ केलेल्या गरम जॉबवर थंड गेज लावल्यावर. कव्हर गेजपेक्षा २० अंश गरम असेल तर ५२ मिमीला माप ०.०११ ने मोठं दिसतं. ३० मायक्रॉनच्या टॉलरन्समधले ११ मायक्रॉन तिथेच गेले.

शेवटचे तीन काट सारखे घ्या. ही सवय ज्याच्या हातात बसली त्याचं माप सहसा चुकत नाही. लक्ष्य ५२.०१ धरा. उलटा हिशोब करा: ५१.६१, त्याआधी ५१.२१. प्रत्येक काट व्यासावर ०.४०, म्हणजे बाजूला ०.२०. काट सारखा असला की बार दरवेळी सारखाच वाकतो, म्हणून क्रॉस स्लाइडच्या डायलवर जितकं फिरवलं तितकंच माप वाढतं. ५१.२१ ला पोचल्यावर मोजा. आलं ५१.१९, तर उरलेल्या ०.८२ चे दोन सारखे भाग करा, ०.४१ आणि ०.४१. मधे पुन्हा मोजा आणि शेवटचा द्या. रफिंगचा मोठा काट घेऊन मग शेवटी बाजूला दोन शतांशाचा काट देणाऱ्याचं माप हमखास चुकतं, कारण वाकलेला बार सरळ होतो आणि मागितल्यापेक्षा जास्त कापतो. शिवाय नोजच्या निम्म्याहून कमी काटात इन्सर्ट कापायच्या ऐवजी घासायला लागतो.

क्रॉस स्लाइडचा डायल व्यासावर आहे की त्रिज्येवर, हे त्या लेथवर एकदा तपासून मशीनवर लिहून ठेवा. बोर मोठा करताना स्लाइड आपल्याकडे येते, बाहेरचं टर्निंग करतो त्याच्या उलट. म्हणून ढिलाईसुद्धा त्याच दिशेने काढलेली हवी. दोन रेघा पुढे गेलात तर तेवढ्याच मागे आणू नका. पूर्ण एक फेरा मागे घ्या आणि पुन्हा त्याच दिशेने या.

खांद्याशी पोचताना दोन मिमी आधी ऑटो फीड सोडा आणि कॅरेज स्टॉपपर्यंत हाताने जा. खोली १४ ची १५ करायची आहे, तेव्हा बेअरिंग दाबणाऱ्या कव्हरची लिपही तपासा. कोपऱ्यात राहणारी गोलाई १ मिमीपेक्षा कमीच हवी. ६२०५ च्या बाहेरच्या रिंगचा कोपरा निदान १ मिमीचा असतो, आपली गोलाई त्याहून मोठी असली तर बेअरिंग खांद्याला न टेकता कोपऱ्यावर बसेल.

भोक सरकलेलं आहे, पण किती मोठं केलं म्हणजे जुनी भिंत पूर्ण निघेल?

प्लेट किंवा गिअरबॉक्स असेल, जिथे दोन भोकांमधलं अंतर महत्त्वाचं आहे, तिथे काम मिलिंगवर किंवा व्हीएमसीवर (सीएनसीच्या उभ्या मिलिंग मशीनवर) बोरिंग हेडने होतं. इथे टेबलचा शून्य जुन्या भोकावरून घेऊ नका. ड्रॉइंगमधल्या कडेवरून किंवा दुसऱ्या चांगल्या भोकावरून घ्या. मग स्पिंडल ड्रॉइंगच्या जागी नेऊन जुन्या भोकात डायल फिरवा, म्हणजे सेंटर किती सरकलंय ते मिळतं. वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. चाळीस मिमी जाड प्लेटमध्ये वर ०.१ आणि खाली ०.५ असं तिरकं भोक नेहमी सापडतं. हिशोबात मोठा आकडा धरायचा.

हिशोब असा: नवा व्यास निदान जुना व्यास, अधिक सरकलेल्या अंतराची दुप्पट, अधिक अर्धा मिमी. जुनं ३०, सरकलं ०.४, म्हणजे ३० अधिक ०.८ अधिक ०.५, मिळून ३१.३. पार्टीला ३२ हवं असेल तर निर्धास्त बोअर करा. पार्टीला ३०.५ हवं असेल तर बोरिंगनेही भोक पूर्ण निघणार नाही, एका बाजूला जुनी भिंत तशीच राहील. हे कोटेशन देण्याआधी कळायला हवं, नंतर नाही. तिथे बुश घालावा लागतो: ड्रॉइंगच्या जागी ३८ एच ७ बोअर करा, ३८ पी ६ चा (भोकापेक्षा किंचित मोठा) बुश दाबा आणि बुशचं आतलं भोक दाबल्यानंतर फिनिश बोअर करा. आधीच मापात आणलेला बुश दाबल्यावर आतून आवळतो आणि माप जातं.

पहिला बोरिंग काट एकाच बाजूला लागेल, अर्ध्या फेरीत धातू आणि अर्ध्या फेरीत हवा. फीड कमी ठेवा, आरपीएमही. फार सरकलेलं असेल तर आधी चार धारांचा आखूड एन्डमिल सरळ खाली घाला. तो ड्रिलपेक्षा ताठ असतो, त्याला टोकाचा कोन नसतो, त्यामुळे तो जुन्या भोकामागे फारसा पळत नाही. व्हीएमसीवर एन्डमिल गोल फिरवूनही जागा सुधारता येते. मग बोरिंग हेडला सगळीकडून सारखा धातू मिळतो. हेडचा स्क्रू फिरवण्याआधी लॉक ढिला, फिरवल्यावर आवळा. टूल बाहेर काढताना स्पिंडल थांबवा, नाहीतर फिनिश भिंतीवर स्क्रूसारखी रेघ उमटते.

२० एच ७ सारखी लहान भोकं पुष्कळ असतील तर तिन्ही हत्यारं क्रमाने वापरा. ड्रिलने धातू काढा, १९.७५ पर्यंत बोअर करून जागा सुधारा, मग रीमर. मधला टप्पा गाळून १९.५ चं ड्रिल आणि लगेच रीमर असं केलं तर माप उत्तम येतं आणि असेंब्लीत डॉवेल पिन बसत नाही.

बिघडतं तेव्हा

किरकिर सुरू झाली की बहुतेकांचा हात फीड कमी करायला जातो. उलट करा. आधी बार आत घ्या, मग आरपीएम कमी करा, फीड थोडा वाढवा, तरी थांबलं नाही तर लहान नोजचा इन्सर्ट लावा. बारीक फीडवर टूल घासतं आणि घासणंच थरथर जागं ठेवतं.

लेथवर बोर टेपर आला तर त्याच सेटिंगवर, काट न देता, एक फेरी पुन्हा मारा. टेपर गेला तर बार वाकत होता: जुनं भोकच टेपर होतं, काट कुठे जास्त कुठे कमी लागला, आणि बारने त्याची नक्कल केली. टेपर तसाच राहिला तर हेडस्टॉकची लाइन, म्हणजे स्पिंडल बेडला समांतर आहे का, ते बघा. एकाच बोरमध्ये सुरुवातीला माप बरोबर आणि आत कमी होत गेलं, तर इन्सर्टची धार बोथट झाली आहे. बंद तळाच्या स्टीलच्या बोरमध्ये चिप तळाशी साठून टूलला वर उचलते. दर काटानंतर मशीन थांबवून हुकने आणि ब्रशने चिप बाहेर काढा. तोंडाकडे हवा मारली तर ती डोळ्यांत येते आणि स्लाइडखालीही जाते.

मोजताना बोर गेज सेटिंग रिंगवर शून्य करून घ्या. तीन खोलींवर, दर खोलीला दोन दिशांना मोजा. आणि तीन जॉच्या चकमध्ये पातळ कव्हर धरलं असेल, तर आणखी एक धोका आहे. जॉच्या दाबाखाली कव्हर तीन जागी आत दबलेलं असतं, तुम्ही ते तसंच गोल कापता, आणि चक सोडल्यावर ते मूळ आकाराला परततं. भोक तीन पाकळ्यांचं होतं, आणि दोन टोकांचा बोर गेज ते दाखवत नाही, जसा ड्रिलच्या भोकात व्हर्नियर दाखवत नव्हता. तीन टोकांचा इनसाइड मायक्रोमीटर किंवा प्लग गेजच ते पकडतो. म्हणून रफिंगनंतर जॉ ढिले करा, हलक्या हाताने पुन्हा आवळा, स्पिगॉटवर डायल परत आणा आणि मगच शेवटचे तीन काट घ्या. भोकाच्या तोंडाला १ मिमीचा चॅम्फर त्याच सेटिंगमध्ये मारा. जॉब उतरवल्यावर बोरमधली कास्ट आयर्नची भुकटी केरोसीनने धुऊन प्लग गेज घाला: गो बाजू स्वतःच्या वजनाने जावी, नो-गो तोंडाशीच अडावी.